गारठ्यातला समुद्र आणि ओहोटीची वेळ

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात इंग्लंडमधल्या बहुतेक शाळांना हाफ टर्मची सुट्टी लागते. त्या आठवड्यात मुलांना घेऊन समुद्रावर जाऊ म्हटलं, की मराठी घरांत पहिला सूर नकाराचा निघतो. ‘एवढ्या गारठ्यात? आजारी पडतील पोरं!’ दिवाळीसाठी भारतातून आजी-आजोबा आलेले असतील, तर नकाराच्या बाजूला आणखी दोन मतं पडतात. मग मुलं आठवडाभर टॅब्लेट घेऊन सोफ्यावर लोळतात, नाहीतर सगळं कुटुंब एखाद्या बंदिस्त प्ले-सेंटरमध्ये पैसे खर्चून आणि कान किटवून परत येतं.

माझं मत याच्या बरोबर उलट आहे. लहान मुलांना ब्रिटनचा समुद्र दाखवायला ऑक्टोबर ऑगस्टपेक्षा चांगला. गर्दी ओसरलेली असते, गाडी लावायला जागा मिळते, आणि वाळूवर आपल्या चादरीच्या कडेला दुसऱ्याची चादर खेटून नसते. फक्त उन्हाळ्याच्या सहलीचा आराखडा घेऊन जायचं नाही. उन्हाळ्यात सकाळी किनाऱ्यावर जायचं, दिवसभर तिथेच पडून राहायचं आणि संध्याकाळी उठायचं, असं चालतं. ऑक्टोबरात दिवसाचं वेळापत्रक ओहोटी आणि वारा ठरवतात. ते आधी बघितलं तर तास-दीड तासाची एकेक फेरीसुद्धा मुलांना पुरून उरते. बघितलं नाही, तर गाडीच्या काचेवरचा पाऊस मोजत चिप्स खायची पाळी येते.

उदाहरणासाठी यॉर्कशरचा किनारा घेऊ, व्हिटबी आणि त्याच्या आजूबाजूचा. लीड्स, ब्रॅडफर्ड, न्यूकॅसल, मँचेस्टर इथल्या कुटुंबांना तो सोयीचा आहे. लंडनहून गाडीने पाच तास तरी धरावेत, म्हणून तिकडून निघणाऱ्यांनी तीन रात्रींपेक्षा कमी मुक्काम ठेवू नये. व्हिटबी हे एस्क नदीच्या मुखावरचं जुनं बंदर आहे. दोन्ही बाजूंना कडे, मध्ये बंदर, आणि पूर्वेच्या कड्यावर मठाचे भग्न अवशेष. तीन मैलांवर सँड्सएंड नावाचा लांब वाळूचा किनारा, दुसऱ्या बाजूला रॉबिन हुड्स बे हे कड्याला चिकटलेलं छोटं गाव, आणि त्याच्याही पुढे स्कारबरो. गाडी नसेल तर लीड्स आणि यॉर्कहून कोस्टलाइनरची ८४० क्रमांकाची बस मूर्सच्या माळरानावरून थेट व्हिटबीला जाते. स्कारबरो-व्हिटबी दरम्यान एक्स९३ आहे. आगगाडी मिडल्सबरोहून येते, पण दिवसाला मोजक्याच फेऱ्या, तेव्हा तिच्या भरवशावर मुलांच्या जेवणाच्या वेळा बांधू नका.

आधी पंचांग, मग हवामान

निघण्याआधी सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे भरती-ओहोटीचा तक्ता. ब्रिटिश नौदलाच्या नकाशांसाठी प्रसिद्ध असलेल्या अ‍ॅडमिरल्टीची ‘ईझीटाइड’ ही सेवा पुढच्या काही दिवसांच्या वेळा फुकट दाखवते. व्हिटबीतल्या दुकानांत वर्षभराच्या वेळांची छोटी पुस्तिकाही मिळते. पुस्तिका घेतलीत तर पहिल्या पानावर एक गोष्ट तपासा: वेळा ग्रीनिचच्या आहेत की उन्हाळी वेळेनुसार बदललेल्या. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळं एक तास मागे जातात, आणि हा रविवार बरेचदा हाफ टर्मच्या आगेमागेच पडतो. तक्ता ग्रीनिचचा आणि मनगटावरचं घड्याळ उन्हाळी, असं झालं तर एका तासाचा घोळ होतो. किनाऱ्यावर एक तास फार मोठा असतो.

या हिशेबात मराठी माणसाला एक जन्मजात सोय आहे. भिंतीवरचं कालनिर्णय. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती-ओहोटी, हे कोकणातल्या कुठल्याही मच्छीमाराला माहीत असतं, आणि उत्तर समुद्रावरही चंद्र तोच आहे. उधाण जोरात असतं ते नेमकं तिथीला नव्हे, तर एक-दोन दिवसांनी. दिवाळी म्हणजे अमावास्या, कोजागिरी म्हणजे पौर्णिमा. त्यामुळे हाफ टर्म लक्ष्मीपूजनाला लागून आली की पाणी खूप आत येणार आणि खूप बाहेर जाणार. व्हिटबीला उधाणाच्या भरती-ओहोटीत पाण्याच्या पातळीत साडेचार मीटरहून जास्त फरक पडतो.

मुंबईकडच्या भरतीची वेळ काढायची जुनी युक्ती तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, पौर्णिमा-अमावास्येला अकरा-बाराच्या आसपास. हा गुणाकार व्हिटबीला चालत नाही, कारण प्रत्येक बंदरात भरती चंद्रामागून आपापल्या वेळेने पोचते. व्हिटबीला उधाणाच्या दिवसांत भरती ग्रीनिच वेळेप्रमाणे साधारण पहाटे आणि दुपारी चार ते पाचच्या दरम्यान येते, आणि ओहोटी सकाळी दहा-अकराला. मुलांसाठी याहून सोयीचं काही नाही. नाश्ता करून निघावं, तर खडकांची आणि वाळूची सगळी पाटी मोकळी झालेली. दुपारी पाणी परत येईपर्यंत आपण जेवायला गावात. अष्टमीच्या आसपास मात्र चित्र पालटतं. ओहोटी दुपारी चारनंतर, ती फार लांब जात नाही, आणि तोवर उजेड संपत आलेला असतो. घड्याळं मागे गेल्यावर व्हिटबीला साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. भांगाच्या दिवसांत म्हणूनच वाळूतला खेळ ठेवा आणि खडकांचा बेत सोडून द्या. नेमकी वेळ तक्त्यातूनच घ्या, वर दिलेला अंदाज फक्त सुट्टीचे दिवस निवडण्यासाठी.

खडकांवर जायचं ते पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी. पाणी मागे सरकत असताना त्याच्या मागे मागे जायचं, आणि पूर्ण ओहोटीची वेळ झाली की परत फिरायचं. मुलांना अजून खेळायचं असतं, ती रडतात, त्याला इलाज नाही. व्हिटबीच्या पूर्व धक्क्यापासून सॉल्टविककडे जाणारा पट्टा आणि रॉबिन हुड्स बेच्या दोन्ही टोकांचे खडक इथे माणसं भरतीत अडकतात. पाणी समोरून चालून येत नाही. ते आधी बाजूच्या खळग्यांतून शिरतं आणि तुमच्या मागची वाट बुडवतं. अडकलात तर ९९९ लावून कोस्टगार्ड मागायचा. हे दहा वर्षांच्या मुलालाही पाठ असावं.

वाऱ्याचं गणित त्यामानाने सोपं. तापमान दहा अंश असेल आणि वारा ताशी पंचवीस मैलांचा, तर अंगाला साधारण सहा अंशांचं थंड लागतं. म्हणून हवामानाच्या अ‍ॅपवर सूर्याचं चित्र बघण्याआधी वाऱ्याचा वेग आणि दिशा बघा. पश्चिमेचा किंवा नैर्ऋत्येचा वारा जमिनीवरून येतो, तेव्हा रॉबिन हुड्स बे कड्यांच्या आडोशाला राहतो आणि तिथे चक्क बसून डबा खाता येतो. उत्तरेचा किंवा ईशान्येचा वारा सरळ समुद्रावरून येतो. त्या दिवशी किनारा सोडा, गावात हिंडा. आणि वादळाचा इशारा असेल तर धक्क्यावर लाटा ‘बघायला’ जाऊ नका. ऑक्टोबर २०२३मधल्या बाबेट वादळात इथून उत्तरेला असलेल्या साउथ शील्ड्सच्या धक्क्यावरच्या दीपगृहाचा घुमट उडून गेला होता. दगडी दीपगृहाची ही गत, तिथे सात वर्षांच्या मुलाचं काय घेऊन बसलात!

अंगावर काय, पिशवीत काय

आपल्याकडे थंडी म्हणजे एक जाडजूड जाकीट, अशी समजूत आहे. किनाऱ्यावर तिचा उपयोग नाही. तीन थर लागतात. आत अंगाला चिकटून बसणारं लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचं थर्मल, मध्ये फ्लीस किंवा आजीने विणलेला स्वेटर, आणि सगळ्यात वर वारा-पाऊस अडवणारं पातळ कवच. सुती बनियन आणि जीन्स घरी ठेवा. सुती कापड ओलं झालं की अंगातली ऊब ओढून घेतं आणि दिवसभर वाळत नाही. वेली बुटांत दोन जाड मोजे मावतील असा एक माप मोठा बूट घ्यावा, कारण घट्ट बुटात पाय जास्त गार पडतात. हातमोजे दोन जोड्या. आणि हो, माकडटोपी. पुण्यात सगळ्यांनी जिची टिंगल केली ती व्हिटबीच्या धक्क्यावर अगदी योग्य वस्तू ठरते. कान झाकले, गळा झाकला, वाऱ्याने उडत नाही.

आता खरी परीक्षा, ओल्या पायांची. ती होणारच असं धरून चाला. सँड्सएंडला दोन ओढे गावातून येऊन वाळू कापत समुद्राला मिळतात, आणि पाच वर्षांचं कुठलंही मूल त्या ओढ्यात बांध घालायला बसतं. फावड्याने वाळू लोटायची, दगड लावायचे, पाणी तुंबलं की ओरडायचं. बांध फुटतो तेव्हा पाणी बुटाच्या काठावरून आत जातं. मूल आधी हसतं. पुढची दहा मिनिटं बुटात पाणी बुळुक बुळुक वाजवत नाचतं. मग एकदम गप्प होतं आणि हात खिशात घालतं. हे गप्प होणं ओळखायला शिका. थंडी वाजणारं मूल क्वचितच ‘मला थंडी वाजतेय’ म्हणतं. ते चिडतं, अडखळतं, नाहीतर मुकं होतं. बोट लाल दिसत असेल आणि मोज्याच्या आतून बर्फासारखं लागत असेल, तर बांध तिथेच सोडायचा.

गाडीची डिकी उघडा, कडेला जुनी चादर टाका आणि मुलाला बसवा. वरचे कपडे कोरडे असतील तर ते अंगावरच राहू द्या, टोपी तर काढूच नका. बूट, मोजे, ओली पँट या क्रमाने उतरवा. आधी टॉवेलने टिपा, मग पायांवर बेबी पावडर चोळा. बोटांच्या बेचक्यांतली वाळू जी टॉवेलने निघत नाही ती पावडरीने झटक्यात सुटते. त्यावर कोरडे लोकरी मोजे. ओलं सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत. त्यानंतर कोमट, गोड काहीतरी प्यायला द्या, कोको किंवा आल्याचं दूध. गार पडलेले हात जोरजोरात चोळू नका आणि कढत पाण्यातही बुडवू नका. आपल्या काखेत धरा. दहा मिनिटांत मूल पुन्हा बांधाकडे बोट दाखवतं. तेव्हा नाही म्हणायची जबाबदारी वडलांवर टाकावी, असं मला वाटतं. आईचं सकाळपासून बरंच ‘नाही’ म्हणून झालेलं असतं.

पाण्यात उतरायचं का? नाही. या दिवसांत उत्तर समुद्राचं पाणी अकरा-बारा अंशांच्या घरात असतं. पंधरा अंशांखालच्या पाण्यात अचानक पडलं की धाप लागते, श्वासावर ताबा राहत नाही, पोहता येणारा माणूसही पाणी गिळतो. उन्हाळ्यात किनाऱ्यावर असणारे जीवरक्षक या सुमारास निघून गेलेले असतात. मुलांना ब्रिटनच्या जीवरक्षक नौकांची संस्था आरएनएलआय जे शिकवते ते घरच्या पलंगावरच शिकवून ठेवा: पाण्यात पडलास तर हातपाय मारू नकोस, मान मागे टाक, कान पाण्यात बुडू देत, पाठीवर तरंग आणि श्वास जाग्यावर येईपर्यंत थांब. ही संस्था १८२४ सालापासून काम करते आणि प्रामुख्याने देणग्यांवर चालते. व्हिटबीतही तिचं केंद्र आहे. तिथल्या डब्यात मुलांच्या हातून नाणं टाकवणं ही छान सवय.

आणखी एक. उन्हाळ्यात बऱ्याच किनाऱ्यांवर कुत्र्यांना बंदी असते, ती सप्टेंबरनंतर उठते. ऑक्टोबरात वाळूवर जितकी माणसं तितकी कुत्री, आणि ती मोकळी. तुमचं मूल कुत्र्याला घाबरत असेल तर त्याला आधी सांगून ठेवा. पळू नकोस, हात छातीशी घे, उभा राहा.

दगडातला शंख आणि काळं लाकूड

व्हिटबीला मुलांना न्यायचं माझं सगळ्यात मोठं कारण म्हणजे तिथले जीवाश्म. इथले कडे सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या चिखलाचे आहेत. कडा झिजतो, ढासळतो, आणि वादळानंतर किनाऱ्यावर गोल राखाडी गोटे येऊन पडतात. त्यांपैकी काहींच्या पोटात वेटोळं घातलेला शंख असतो, अ‍ॅमोनाइट. मराठी घरातल्या मुलाला हा शंख अनोळखी नसतो. देवघरात शाळिग्राम असेल तर तो हातात देऊन बघा. नेपाळच्या काली गंडकीतून येणारा शाळिग्राम हाही अ‍ॅमोनाइटच, ज्याला आपण चक्र म्हणतो ती त्या प्राण्याच्या कवचाची वेटोळी. कार्तिकात तुळशीचं लग्न ज्याच्याशी लावायचं, त्याचा चुलतभाऊ यॉर्कशरच्या वाळूत सापडतो, हे ऐकल्यावर आमच्या ओळखीतल्या एका आजींनी थंडीची तक्रार थांबवून स्वतःच गोटे उलटायला सुरुवात केली.

इथल्या लोकांचीही त्यावर दंतकथा आहे. सातव्या शतकात हिल्ड नावाची साध्वी इथल्या मठाची प्रमुख होती. मठाची स्थापना ६५७ सालची. तिने या भागातले साप दगड करून टाकले, अशी कथा. जुन्या काळी कारागीर अ‍ॅमोनाइटच्या टोकाला सापाचं तोंड कोरून विकत. शास्त्रज्ञांनीही तिचा मान ठेवला. इथे सापडणाऱ्या एका अ‍ॅमोनाइटचं नावच हिल्डोसेरस. गोष्ट आधी सांगा, मग किनाऱ्यावर न्या. शोधाला हेतू असला की मुलं दुप्पट वेळ टिकतात.

नियम थोडेच. कड्याच्या पायथ्याशी जायचं नाही, वरून दगड पडतात आणि पावसानंतर जास्तच. कड्यावर हातोडी चालवायची नाही, वाळूवर सुटं पडलेलं तेवढंच उचलायचं. प्रत्येकी एक किंवा दोन दगड, बाकीचे ठेवून यायचे. गोटा फोडायचा हट्ट झाला तर तो मोठ्यांनी, डोळ्यांवर चष्मा चढवून. नाहीतर न फोडता तसाच घरी न्या. मुलांना आत काय असेल याचीच जास्त मजा असते.

याच किनाऱ्यावर काळे चकचकीत तुकडे मिळतात. त्यातले काही कोळशाचे, काही जेटचे. जेट म्हणजे ज्युरासिक काळातल्या झाडांचं जीवाश्म झालेलं लाकूड. व्हिक्टोरिया राणीने नवऱ्याच्या मृत्यूनंतर काळे दागिने घातले आणि व्हिटबीच्या जेटला सोन्याचे दिवस आले. ओळखायची युक्ती मुलांना फार आवडते. न चकाकवलेल्या चिनी मातीच्या फुटक्या फरशीवर तुकडा घासा. काळी रेघ उठली तर कोळसा, तपकिरी उठली तर जेट. फरशीचा तुकडा घरून न्या, खिशात ठेवा. जेट हाताला हलकाही लागतो.

खेकडे धरणं हा बंदरातला दुसरा खेळ. दोरी, जाळीची छोटी पिशवी, त्यात बेकनचा किंवा माशाचा तुकडा. गळ नको, खेकड्याला इजा होते. बादलीत समुद्राचंच पाणी हवं, तीन-चारपेक्षा जास्त खेकडे कोंबू नयेत, आणि थोड्या वेळाने सोडून द्यावेत. धक्क्याच्या काठाला मुलाचं पोट टेकलेलं आणि त्याच्या जाकिटाची टोपी तुमच्या मुठीत, अशी बैठक असावी. बरोबर चार वर्षांपेक्षा लहान भावंड असेल तर हा खेळ सोडा. दोघांवर नजर राहत नाही.

डबा, चिप्स आणि सीगल

शाकाहारी आणि गोमांस न खाणाऱ्या घरांनी हे नीट वाचावं. यॉर्कशरमधल्या अनेक चिप्सच्या दुकानांत जुन्या पद्धतीप्रमाणे तळण गोमांसाच्या चरबीत होतं. नुसते बटाट्याचे चिप्स मागितले तरी ते त्याच कढईतले. पाटीवर हे लिहिलेलं असेलच असं नाही. म्हणून मुलांना रांगेत उभं करण्याआधी काउंटरवर कशात तळता ते स्पष्ट विचारा. लाजायचं कारण नाही, असे प्रश्न त्यांना रोजचे आहेत. वनस्पती तेलात तळणारी दुकानंही गावात मिळतात. मासे खाणाऱ्यांनी इथे हॅडॉक मागावा, यॉर्कशरवाले कॉडपेक्षा त्यालाच मान देतात.

तरीही एक वेळचा डबा घरचाच बरा. थंडीत भूक चांगली लागते आणि गार सँडविचने ती भागत नाही. मोठ्या तोंडाच्या थर्मासात आधी कढत पाणी भरून पाच मिनिटं ठेवा, ओतून द्या, मग मऊ मुगाची खिचडी भरा. दुपारपर्यंत वाफाळत राहते, वर तूप आठवणीने. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी हा तर प्रवासाचा जुना, खात्रीचा शिधा. दिवाळी आसपास असेल तर फराळाचा डबा असतोच. पण चकली उघड्यावर काढताना सावध. व्हिटबीचे सीगल मागून येतात, आवाज न करता, आणि मुलाच्या हातातून थेट घास उचलतात. भिंतीला पाठ लावून किंवा निवाऱ्यात बसून खावं. त्यांना काही टाकू नये. एकाला टाकलं की वीस येतात, आणि मग निस्तरायला मागची कुटुंबं.

पाऊस लागला तर

लागतोच. त्यासाठी पॅनेट पार्कमधलं व्हिटबी म्युझियम राखून ठेवा. तिथे कड्यांतून निघालेले समुद्री सरपटणाऱ्या प्राण्यांचे मोठे सांगाडे आहेत. आणखी एक अफलातून यंत्र आहे. व्हिटबीच्या डॉ. मेरीवेदर यांनी बनवलेलं हे यंत्र १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनात मांडलं होतं. बारा बाटल्यांत बारा जळवा. वादळ येणार असलं की जळवा बाटलीत वर चढतात आणि वरची घंटा वाजते. तिथे त्याची प्रतिकृती आहे. मुलं त्याच्यापुढून हलत नाहीत. वरच्या मठापर्यंत जाणाऱ्या १९९ पायऱ्या पाऊस थांबल्यावर मोजायला चांगल्या. प्रत्येक मुलाचा आकडा वेगळा येतो. मधल्या सपाट टप्प्यांवर बाक आहेत, पूर्वी वर शवपेट्या नेणारे तिथे टेकत. बाबागाडी पायऱ्यांवर नेऊ नका. आजी-आजोबांना गुडघ्यांचा त्रास असेल तर गाडीने मागच्या रस्त्याने मठाजवळच्या पार्किंगमध्ये सोडा, आणि पायऱ्या चढून आलेल्या नातवंडांनी त्यांना वर भेटावं. खालच्या गावातले दगडी फरसबंद रस्ते ओले झाले की निसरडे होतात, त्यामुळे चपला किंवा गुळगुळीत तळव्यांचे बूट नकोत. भारतातून आलेल्यांचा प्रवासविमा चालू आहे ना, हेही निघण्याआधी बघून घ्या.

मुलं हॅरी पॉटरवेडी असतील तर नॉर्थ यॉर्कशर मूर्स रेल्वेवरचं गोथलंड स्टेशन जवळच आहे. पहिल्या चित्रपटातलं हॉग्समीड स्टेशन तेच. गाड्या हंगामापुरत्या धावतात, वेळापत्रक आधी बघा. मोठ्या मुलांना ‘ड्रॅक्युला’ माहीत असेल. ब्रॅम स्टोकर १८९० साली व्हिटबीत राहिला होता, आणि १८९७च्या कादंबरीत ड्रॅक्युलाचं जहाज इथेच किनाऱ्याला लागतं. त्या वेडापायी ऑक्टोबरअखेर-नोव्हेंबरच्या सुरुवातीला गावात काळ्या पोशाखातल्या हौशी मंडळींचा गॉथ वीकेंड भरतो. मुलांना बघायला गंमत, पण त्या दिवसांत खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर भाव चढलेले. तारखा बघूनच ठरवा.

राहण्याबद्दल थोडक्यात. हॉटेलच्या एका खोलीत चौघं कोंबण्यापेक्षा स्वयंपाकघर असलेलं छोटं घर घ्या. विचारायचे प्रश्न तीनच: भाड्यात हीटिंग धरलेलं आहे का, ओले कपडे वाळवायला जागा किंवा ड्रायर आहे का, आणि किनाऱ्यापासून चालत किती. कॅरव्हॅन स्वस्त पडते, पण बऱ्याच ठिकाणांचा हंगाम ऑक्टोबरअखेर किंवा त्यानंतर लवकरच संपतो, आणि रात्री ती गार पडते. लहान बाळ असेल तर टाळा. हाफ टर्मची तारीख आपल्या कौन्सिलची बघा, सगळीकडे एकच आठवडा नसतो. लेस्टरशरची सुट्टी बहुधा एक आठवडा आधी येते, म्हणजे तिथल्यांना दरही बरे पडतात. शाळा बुडवून स्वस्तात जाण्याचा मोह इंग्लंडमध्ये महागात पडू शकतो. ऑगस्ट २०२४पासून दंड प्रत्येक पालकाला प्रत्येक मुलामागे ८० पौंड आहे, आणि तो एकवीस दिवसांत भरला नाही तर दुप्पट.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी शाळेची तारीख, मग कालनिर्णयातली तिथी, मग त्या दिवसांचा व्हिटबीचा भरती-ओहोटीचा तक्ता. सकाळची ओहोटी ज्या तीन दिवसांत सापडेल तेच तीन दिवस निवडा, आणि घराचं बुकिंग त्यानंतर करा.